चाळीस बाय वीस

जमीन माझीच राहिली. दिली ती हवा.
जमिनीपासून तीस फुटांवर सुरू होणारी,
चाळीस फूट रुंद, वीस फूट उंच,
पाच वर्षांसाठी,
दर्शन गाला यांच्या कंपनीला.
घणसोलीत, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आमचं कुंपण.
आत शेवगा, बंद पडलेला हापसा,
आणि आता ह्या दोन लोखंडी तंगड्या.

हसुराम म्हणाले, "हवा इकून पैसं येतान
तं जमीन कशाला इकाची?"
पण सहीच्या वेळी त्यांनी विचारलं,
वर पाखरं बसली तर त्यांचं भाडं कोणाचं?
गाला हसले.
मला ते कलम खरंच हवं होतं.

खड्डा बारा फुटांचा.
सातव्या फुटाला काळी चिकट माती लागली,
खाडीच्या वासाची, शिंपल्यांचा चुरा असलेली.
मुकादम म्हणाला, पाणी लागेल बहुतेक.
लागणारच, म्हटलं,
आधी तेच राहत होतं इथे.

समोरची बाजू रस्त्याची.
तिथे बिल्डरचा तलाव येतो, तलावात हंस,
मग पंखे, मग कोणाचा तरी वाढदिवस.
आमच्या वाट्याला मागची:
अँगल, नटबोल्ट, गंजाचे ओघळ.
ह्या महिन्यात आपण काय विकतोय हे बघायला
मला रस्ता ओलांडून रिक्षा स्टँडपर्यंत जावं लागतं.

उतरवलेला फ्लेक्स आम्हाला, हे तोंडी ठरलं.
शेजारच्या यमुना मढवी त्यावर जवळा वाळवतात,
कुठल्याशा नटीच्या गालावर, हनुवटीवर.
कावळा नेमका डोळ्यापाशी उतरतो.

त्याच यमुनाताई मार्गशीर्षात भांडायला आल्या.
दुपारी तीननंतर बोर्डाची सावली
कुंपण ओलांडून त्यांच्या ओट्यावर चढते,
जवळा दमट राहतो.
"भारा तू घेतंस, न सावली मना?"

मी करार काढला. चौदा कलमं.
वीज कोणाची, विमा कोणाचा,
वादळात पडला तर जबाबदार कोण.
सावलीचा उल्लेख नाही.
तेव्हापासून दर सात तारखेला
मी त्यांना पाचशे रुपये देते.
पावती नाही. वहीत एकच शब्द लिहिते: सावली.

फेब्रुवारीत बोर्ड रिकामा राहिला.
गाला म्हणाले, तुमचाच नंबर टाकू,
गिऱ्हाईक थेट आलं तर माझं कमिशन निम्मं.
म्हणून पांढऱ्यावर लाल: भाड्याने देणे आहे,
आणि खाली मी,
दहा आकडे, एकेक दीड पुरुष उंच.

फोन आले.
कर्ज हवंय का विचारणारे,
नंबर खरा आहे का, एवढंच बघणारा एक पोरगा.
आणि एकदा रात्री साडेअकराला,
कंटेनर चालवणारा कोणी.
"एका अक्षराला किती पडेल?"
अक्षरावर नसतं हो, महिन्यावर असतं.
"मला चारच पाहिजेत. एका रात्रीपुरती."
कोणती?
मागे एअरब्रेकचा सुस्कारा ऐकू आला.
"नाव आहे. पण राहू द्या.
तिच्या कंपनीची बस आता पुलावरून जाते.
पुलावरून दिसतो का तुमचा बोर्ड?"

मला माहीत नव्हतं.
माझी बस नेहमी खालून जाते.

दुसऱ्या दिवशी, काम काही नसताना,
मी तिकीट काढून पुलावरून गेले, खिडकीशी बसून.
आधी शेवग्याचा शेंडा आला,
मग यमुनाताईंचा ओटा, त्यावर पसरलेला मोठा गाल,
मग माझा नंबर, मी वाचायला घेतला,
आठव्या आकड्याला बस पुढे गेली.
आमचं घर एवढं ठेंगणं आहे
हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्याला उलट फोन लावला.
दिसतो, म्हटलं. तीन सेकंद असेल.
चार अक्षरं वाचून होतील.